छोट्या डिझाइन स्टुडिओचा कारभार: पहिल्या फोनपासून रद्दीपर्यंत

तीन-चार माणसांच्या डिझाइन स्टुडिओत पर्यावरण, वाचकाची सोय, सहकाऱ्यांशी सरळ व्यवहार यांसाठी वेगळा वेळ काढता येत नाही. तेवढी माणसंच नसतात. या गोष्टी रोजच्या कामातच बसवाव्या लागतात. त्यातले बहुतेक निर्णय कामाच्या सुरुवातीलाच होऊन जातात: किती प्रती, कोणता आकार, कोणता फॉन्ट, कोणाला किती दिवसांत पैसे. एकदा छपाईच्या प्लेट्स निघाल्या की हळहळण्यापलीकडे हातात फारसं काही उरत नाही. म्हणून हा लेख काम ज्या क्रमाने स्टुडिओतून जातं त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं पुण्यातल्या छपाईच्या कामाची आहेत, पण नाशिक-कोल्हापूरच्या स्टुडिओलाही फारसा फरक पडू नये.

पहिल्या फोनवरच विचारा

समजा, एका संस्थेला वार्षिक अहवाल करून हवा आहे. "हजार प्रती, चार रंग, आर्ट पेपर, लॅमिनेशन" हे वाक्य तयारच असतं, कारण गेल्या वर्षी तेच केलं होतं. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा: गेल्या वर्षीच्या किती प्रती कपाटात पडून आहेत? दुसरा: या वर्षी ज्यांना द्यायच्या त्यांची यादी पाठवाल का? यादी मागितली की आकडा आपोआप खाली येतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेट काढून छापायच्या पद्धतीत, प्लेट्स आणि मशीन लावण्याचा खर्च ठरलेला असतो, त्यामुळे प्रती वाढल्या की प्रत्येकी दर उतरतो, आणि त्या मोहात लोक जास्त छापतात. पण दर उतरला म्हणून एकूण बिल उतरत नाही. दोन-तीनशे प्रतींचं काम असेल तर बिनप्लेटच्या डिजिटल छपाईचं कोटेशन शेजारी ठेवून दाखवा. बाकीच्यांना नीट केलेली पीडीएफ पाठवता येते. ती नीट कशी करायची हे पुढे येईल.

तिसरा प्रश्न मंजुरीचा. शेवटचा होकार एकाच व्यक्तीने द्यायचा आणि तिचं नाव कामाच्या पहिल्या ईमेलमध्ये लिहायचं. दुरुस्त्या व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपांतून तुकड्या-तुकड्याने आल्या की एखादी हमखास सुटते, आणि ती शोधत कोणीतरी रात्री बसतं. प्रत्येक फेरीत पीडीएफवर खुणा केलेली एकच फाइल घ्यायची, अशा फेऱ्या किती ते कोटेशनमध्ये लिहायचं, आणि पुढच्या फेरीचे वेगळे पैसे लावायचे. हे सांगताना संकोचू नका. त्यात तुमच्या सहकाऱ्याची संध्याकाळ वाचते. फोटोही व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दाबले जाऊन येतात, तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवा.

हक्क कोणाचे, हे कागदावर

स्टुडिओ बाहेरून चित्रकाराकडून चित्रं घेतो, सुलेखनकाराकडून शीर्षक घेतो, आणि ग्राहकाला मात्र "सगळे हक्क तुमचे" असं लिहून देतो. कॉपीराइट कायदा 1957 इथे स्पष्ट आहे. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं. बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक मात्र सर्वसाधारणपणे तो स्वतः; पैसे देऊन रंगवून घेतलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल तर, वेगळा करार नसल्यास, करून घेणारा. काम करणाऱ्याकडून हक्क घ्यायचे तर लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे मोघम कागदावर घेतलेले हक्क सहाव्या वर्षी तुमच्याकडे नसतात आणि ग्राहकाकडेही नसतात.

यावर एका पानाचा साधा मराठी करार पुरतो. त्यात काम काय, वापर कुठे, किती वर्षं, मोबदला किती आणि किती दिवसांत, श्रेयनाम कुठे छापणार, आणि काम मध्येच थांबलं तर झालेल्या कामाचे किती पैसे, एवढं असावं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि तोच सगळ्यात जास्त लागतो. वापर छोटा असेल तर सगळे हक्क मागूच नका. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी एका वर्षाचा वापर पुरत असेल तर तेवढाच घ्या, चित्र चित्रकाराकडे राहू द्या.

एआयने चित्रं करून घ्यायची की नाही, यावर माझं मत ठाम आहे: ग्राहकाला आधी न सांगता नाही, आणि हयात चित्रकाराच्या शैलीचं नाव घालून तर कधीच नाही. वापर केला तर तो कोटेशनमध्ये लिहा. ग्राहकाचा अप्रकाशित मजकूर, देणगीदारांच्या याद्या, मुलांचे फोटो एआय सेवांवर चढवू नका. आणि अशा चित्रात देवनागरी अक्षरं आली असतील तर ती एकेक करून तपासा. जोडाक्षरं मोडलेली असतात.

अक्षरं: इथे वेळ घाला

मराठी मजकुराचं काम करणाऱ्या स्टुडिओने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं, कारण वाचकाशी थेट संबंध फक्त अक्षरांचा येतो.

पहिली पायरी परवान्याची. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला फॉन्ट म्हणजे कोणाच्या तरी अनेक महिन्यांच्या मेहनतीची चोरी. एका देवनागरी फॉन्टला जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. विकत घ्यायला पैसे नसतील तरी पर्याय चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, नोटो देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. छापील कामात, वेबसाइटवर, व्यावसायिक कामात वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये फॉन्टसोबत त्याचा परवानाही ठेवा.

दुसरी पायरी चाचणीची. फॉन्ट निवडण्यापूर्वी एक ठरावीक चाचणी-ओळ छापून बघा. माझी अशी आहे: "दऱ्याखोऱ्या, सुऱ्या, सूर्या, ऱ्हास, ॲप, ऑफिस, शृंगार, श्लोक, बाळ, लाल, उद्ध्वस्त, वाङ्मय, क्ष, ज्ञ." यात तीन गोष्टी कळतात. 'सुऱ्या'मधला आडवा रफार नीट येतो का, की त्याचा 'सुर्या' होतो. 'ॲ' अखंड येतो का, की अ वेगळा, चंद्र वेगळा आणि मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. आणि ल, श मराठी वळणाचे येतात का, की हिंदी वळणाचे. राज्य शासनाने 2009 मध्ये देवनागरी लिपी आणि वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, त्यात मराठीची ही वळणं दिलेली आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिल्यावरच मराठी वळण येतं. वेबपानावरही भाषा हिंदी ठेवून मराठी मजकूर टाकू नका.

तिसरी पायरी सॉफ्टवेअरची. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, लावला नाही तर वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटतात. ही सेटिंग परिच्छेदाच्या शैलीतच घालून ठेवा, म्हणजे नवा माणूस बसला तरी चूक होणार नाही. दरवर्षीची वर्गणी परवडत नसेल तर स्क्रायबस 1.6 मध्ये देवनागरीची जुळणी होते, इंकस्केपमध्येही होते. नियमित कामासाठी चोरलेलं सॉफ्टवेअर चालवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांना ते घरीही बसवता येतं.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर मुद्रितशोधकाकडून पूर्ण वाचून घ्या. रफार, 'द्ध' आणि विसर्ग हमखास गडबडतात. मुद्रितशोधनाची रक्कम कोटेशनमध्ये वेगळी दाखवा. ती दाखवली नाही तर घासाघीस सुरू झाल्यावर पहिली कात्री तिलाच लागते.

आकार आणि कागद

कागद वाचवायचा म्हणजे 'पुनर्वापराचा कागद वापरला' असा शिक्का मारणं, असा एक समज आहे. खरी बचत आकार ठरवताना होते. एक नेमकं उदाहरण घ्या. चौकोनी निमंत्रणपत्रिका, 6 बाय 6 इंच, डिजिटल मशीनवर 13 बाय 19 इंचाच्या कागदावर छापायची. मशीनची पकड सोडून छपाईला साधारण 12.5 बाय 18.5 इंच मिळतात. पत्रिकेला चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून रंगाची जादा पट्टी, दिलं की ती होते जवळजवळ 6.24 इंच. रुंदीत दोन बसतात. उंचीत तीन बसायला 18.7 इंच लागतात, म्हणजे दोनच बसतात. कागदामागे चार पत्रिका. आता तीच पत्रिका 5.85 इंचाची करा. ब्लीडसह 6.09 इंच, तीन मिळून 18.3 इंच. उंचीत तीन बसल्या, कागदामागे सहा. तीनशे पत्रिकांना 75 ऐवजी 50 कागद. डोळ्याला तो दीड दशांश इंचाचा फरक कळतही नाही. म्हणून डिझाइन सुरू करण्याआधी प्रेसला फोन करा, त्यांच्या मशीनचा कागद आणि छपाईचं नेमकं क्षेत्र विचारा, आणि मगच नवीन फाइल उघडा.

ऑफसेटला हाच विचार तावाचा. 23 बाय 36 इंचाच्या तावातून डेमी अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठच्या पुस्तिकेची 32 पृष्ठं निघतात आणि कापण वाजवी जातं. कोणी 6 बाय 9 चा आग्रह धरला तर त्याच तावात ती बेतशीर बसत नाही. वेगळा ताव शोधा किंवा ग्राहकाला आकार बदलायला सांगा. पुस्तिकेची पृष्ठं सोळाच्या पटीत ठेवा. शेवटच्या चार पृष्ठांसाठी वेगळा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पृष्ठांचा वेगळा संच, लावावा लागला की पैसेही जातात आणि कागदही.

कागद हातात घेऊन निवडा. आतल्या पानांना 70 किंवा 80 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे बिनलेपाचा छपाईचा कागद, बहुतेक अहवालांना पुरतो आणि त्यावर पेनाने लिहिताही येतं, जे गुळगुळीत आर्ट पेपरवर जमत नाही. खास कामासाठी पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. 1940 पासून तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो, म्हणजे त्याला झाड तोडावं लागत नाही. ऑफसेटच्या बारीक नक्षीला तो जुळत नाही. स्क्रीन छपाई, लेटरप्रेस आणि हाताने लिहिलेल्या मजकुरासाठी मात्र सुंदर.

आणि लॅमिनेशन. मुखपृष्ठावरची प्लॅस्टिकची फिल्म कागदाला कायमची चिकटते, त्यामुळे तो कागद रद्दीतही धड विकला जात नाही. वर्षानुवर्षं हाताळायचं पाठ्यपुस्तक असेल तर ती हवीच. एकदा वाचून ठेवायच्या अहवालाला कशासाठी? 250-300 जीएसएमचा बिनलेपाचा कागद किंवा पाण्यावर आधारित वॉर्निश असे पर्याय प्रेसवाल्याकडे असतात, फक्त विचारावं लागतं.

फाइल प्रेसला जाण्यापूर्वी

काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा. वर्डमधून किंवा फोटोशॉपमधून आलेला काळा बऱ्याचदा चार रंगांचा होतो. छापताना रंग केसभर सरकले की अनुस्वार आणि मात्रांभोवती रंगीत कड दिसते. लहान अक्षर अशा वेळी वाचवत नाही, आणि गठ्ठाच्या गठ्ठा परत छापावा लागतो. ॲक्रोबॅटमध्ये रंग वेगवेगळे करून बघता येतात: फक्त काळा बंद करा, मजकूर पूर्णपणे नाहीसा झाला पाहिजे.

त्यानंतर खऱ्या आकारात कागदी प्रत काढा, कापा, दुमडा आणि साठीच्या पुढच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. अक्षर लहान पडलं की ते लगेच सांगतात. फिकट करड्या रंगातला मजकूर टाळा. वेबसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5:1 तफावत असावी, असा जगभर मानला जाणारा निकष आहे आणि तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात.

प्रेसला 'कर्व्ह्ज' केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली फाइल हवी असते, ती द्या. पण वाचकांना पाठवायची पीडीएफ त्यातूनच काढू नका. ती वेगळी, जिवंत युनिकोड मजकुराची काढा. तीत शब्द शोधता येतात आणि दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीनरीडर ती वाचू शकतं. कर्व्ह्ज केलेल्या फाइलमध्ये त्यांच्यासाठी फक्त चित्र असतं.

फलक आणि वेष्टणं

1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर जी बंदी आली, तिच्या यादीत डिझाइनवाल्यांच्या दोन वस्तू थेट आहेत: 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकचे किंवा पीव्हीसीचे फलक, आणि मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची फिल्म. ग्राहकाने मागितली तर "बेकायदा आहे" एवढंच सांगा, वाद होत नाही. कार्यक्रमाच्या फलकाला मांजरपाटावर स्क्रीन छपाई चांगली दिसते. फलकावर वर्ष आणि तारीख घालू नका, म्हणजे पुढच्या वर्षीही तोच चालेल. रस्त्यावर लावायचा असेल तर महापालिकेच्या परवानगीचा क्रमांक हातात आल्यावरच छापायला द्या.

पैसे वेळेवर, दोन्ही बाजूंनी

स्टुडिओचे पैसे अडकले की स्टुडिओ बाइंडरचे अडकवतो, आणि बाइंडर रोजंदारीवरच्या बायकांचे. ही साखळी आपल्या दारात तोडणं जमतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत द्यावं लागतं. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या वित्त कायद्यानंतर आणखी एक गोष्ट झाली: मुदतीत न दिलेलं असं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी प्राप्तिकराच्या हिशेबात खर्चात धरता येतं.

यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, काम स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, पैसे घेणाऱ्या एजंटाची गरज नाही. नोंदणी क्रमांक आणि मुदतीची एक ओळ प्रत्येक बिलावर छापा. सुरुवातीला निम्मी रक्कम आणि छपाईचे पैसे छपाईआधी, हा नियम ओळखीच्या ग्राहकालाही लावा. आणि हाच कायदा तुमच्या छोट्या बाइंडरलाही लागू आहे हे लक्षात ठेवा. चित्रकार आणि मुद्रितशोधक यांचे पैसे काम मिळाल्यापासून आठवड्यात द्या, ग्राहकाने दिले असोत वा नसोत. त्यासाठी लागणारी शिल्लक आधी बाजूला काढता येत नसेल तर ते काम आपल्या ताकदीपेक्षा मोठं आहे.

माणसांबद्दल आणखी एक. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती बंधनकारक नसते, म्हणून कायदाच लागू नाही असं अनेक जण समजतात. तसं नाही. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता आणि फोन भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लावा. शिकायला येणाऱ्या मुलींना तो पहिल्याच दिवशी दाखवा.

यंत्रं, वीज, बॅकअप

इथे फार लिहिण्यासारखं नाही. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल बॅकअपमधून खरोखर उघडून बघा. संगणक सुरुवातीपासून एन्क्रिप्ट करा, म्हणजे चावीशिवाय त्यातलं काही वाचता येणार नाही: मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोजवर बिटलॉकर. स्क्रीनची उजळता कमी ठेवा. जास्त उजळ स्क्रीनवर केलेलं काम छापल्यावर काळपट येतं, मग पुन्हा छापणं आलं. एसी 24 अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी, पुण्यात तो बहुधा गुरुवार असतो, प्रेसच्या फेऱ्या आणि कागदावरची प्रुफं ठेवा, इन्व्हर्टरवर जीव काढू नका. नवीन संगणकाआधी रॅम आणि एसएसडी वाढवून बघा. मांडणीच्या कामाला जुनं यंत्र आणखी काही वर्षं जातं.

रद्दी आणि ई-कचरा

प्रेसवरचं कापण वाया जाऊ देऊ नका. बाइंडरला सांगितलं तर तो त्याचे गोंद लावलेले छोटे पॅड करून देतो. ग्राहकाला भेट म्हणून छापील डायरीपेक्षा ते बरे. स्टुडिओतला कागद तीन खोक्यांत ठेवा: एका बाजूने कोरा, पूर्ण छापलेला, आणि लॅमिनेट केलेला. तिसरं खोकं महिन्यात किती भरतं ते बघत गेलात तर पुढच्या कोटेशनमध्ये काय बदलायचं ते कळेल.

पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली आणि तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली. दारात येणाऱ्या ताई त्यातल्या असतील तर रद्दी कोरडी, वेगळी आणि बांधलेली द्या. ब्लेडचे तुकडे आणि कटरची पाती कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्या, कारण कचरा त्या हातांनी वेगळा करतात. शाईचे, स्प्रे ॲडहेसिव्हचे डबे रद्दीत घालू नका.

जुनी हार्डडिस्क, बॅटऱ्या, स्क्रीन भंगारात देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत, तेव्हा या वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच द्या. आधी डिस्कवरची माहिती पुसा. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण नव्याने लिहून पुसली तरी चालतं. एसएसडीला उत्पादकाची 'सिक्युअर इरेज' सोय वापरा. डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट असेल तर चावी नष्ट करणं पुरतं. मग यंत्राचा क्रमांक लिहून घ्या, देताना पावती मागा, आणि ती हिशेबाच्या फाइलमध्ये त्या यंत्राच्या खरेदीच्या बिलामागे लावा.